मृतांची मोजदाद आणि राज्याची जबाबदारी

साथीच्या रोगाने माणसे मरतात. परंतु कोणत्या देशात किती मरतात, त्यांत कोणाचा भरणा अधिक असतो आणि मेल्यानंतर त्यांची नोंद कोणत्या वहीत होते, या गोष्टी केवळ रोगजंतू ठरवीत नाहीत. राज्यकारभार, कायदा आणि समाजाची घडण त्या ठरवितात. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी तिच्यासाठी पुकारलेली आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. या तीन वर्षांत प्रत्येक देशाने आपले आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले. कोणी अभिमानाने छाती पुढे काढली, तर कोणी हिशेबाची पद्धतच चुकीची असल्याची तक्रार केली. साथ सरली तरी हा वाद सरलेला नाही. तो नीट समजून घेणे वाचकांच्या हिताचे आहे, कारण पुढील साथीत कोण जगेल आणि कोण मरेल याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यात दडलेले आहे.

न्यायालयात साक्षीदार उभा राहिला म्हणजे त्याचे म्हणणे तसेच्या तसे कोणी स्वीकारीत नाही. त्याची उलटतपासणी होते. मृत्यूचा आकडा हाही एक साक्षीदारच आहे आणि त्याला तीन प्रश्न विचारल्यावाचून त्याच्या साक्षीवर निकाल देणे धोक्याचे आहे. पहिला प्रश्न असा की, हे मृत्यू कोणत्या व्याख्येने मोजले? दुसरा असा की, त्यांना भागले कशाने, रुग्णांच्या संख्येने की लोकसंख्येने? आणि तिसरा असा की, त्या देशातील लोकांचे वय काय होते?

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करू. रुग्णांपैकी किती दगावले, हे प्रमाण वर्तमानपत्रांत वारंवार छापले गेले. परंतु रुग्ण म्हणजे ज्याची चाचणी झाली आणि जो बाधित ठरला तो. ज्या देशाने चाचण्या विपुल केल्या, त्याचे सौम्य रुग्णही मोजले गेले आणि मृत्यूचे प्रमाण आपोआप कमी दिसले. ज्याने केवळ रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांच्याच चाचण्या केल्या, त्याचे प्रमाण भयंकर दिसले. हे प्रमाण चाचण्यांची कथा सांगते, रोगाची सांगत नाही. म्हणून देशादेशांची तुलना करावयाची तर लोकसंख्येच्या प्रमाणात झालेले मृत्यू पाहणे अधिक योग्य होय.

तसे पाहू जाता, २०२३ च्या मध्यापर्यंतच्या अधिकृत आकड्यांनुसार दर दहा हजार लोकांमागे अमेरिकेत सुमारे ३४, स्वीडनमध्ये सुमारे २३, जपानमध्ये सुमारे ६ आणि भारतात सुमारे ४ माणसे या रोगाने मरण पावली. हे आकडे जसेच्या तसे खरे मानले तर आरोग्यव्यवस्थेसाठी जगात नावाजलेल्या जपानहूनही भारताची कामगिरी सरस ठरते. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये प्राणवायूच्या नळकांड्यासाठी वणवण फिरलेला आणि स्मशानाबाहेर रांगेत उभा राहिलेला कोणताही मनुष्य या निष्कर्षावर विश्वास ठेवणार नाही. म्हणूनच पहिला प्रश्न महत्त्वाचा ठरतो: हे मृत्यू मोजले कसे?

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले. मे २०२१ च्या अखेरपर्यंत त्या देशाची अधिकृत मृत्युसंख्या सुमारे ६९ हजार होती. ज्यांची चाचणी बाधित आली होती, मुख्यतः त्यांचीच गणना होत असल्यामुळे ती तुटपुंजी असल्याचा संशय होता. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने व्याख्या सुधारली. ३१ मे २०२१ रोजी सरकारने नवी संख्या जाहीर केली, ती सुमारे १ लाख ८० हजार! एका दिवसात पेरू हा लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक मृत्यू झालेला देश ठरला. ज्या सरकारने आपल्या मृतांची संख्या जगासमोर अडीचपटीहून अधिक वाढवून सांगितली, त्याची नाचक्की झाली असे कोणी म्हणेल. आमचे मत तसे नाही. मेलेल्या माणसाला निदान मेल्याचा मान मिळाला आणि पुढील धोरण खऱ्या हिशेबावर आखणे शक्य झाले, ही त्या देशाची मिळकतच होय.

व्याख्येच्या या घोळातून मार्ग काढण्यासाठी शास्त्रज्ञ ‘अतिरिक्त मृत्यू’ मोजतात. पद्धत साधी आहे. साथ नसती तर मागील वर्षांच्या अनुभवावरून एखाद्या देशात किती मृत्यू झाले असते याचा अंदाज घ्यावयाचा. प्रत्यक्षात झालेल्या एकूण मृत्यूंतून तो वजा करावयाचा. जी बाकी उरेल ती साथीची किंमत. यात कोण कशाने मेला हा वाद उरत नाही. उपचार न मिळाल्याने मेलेला हृदयरोगीही त्यात येतो आणि चाचणीवाचून घरी मेलेला वृद्धही येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२२ रोजी या पद्धतीने काढलेला अंदाज प्रसिद्ध केला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असे तिने सांगितले. त्याच काळातील अधिकृत आकड्यांची बेरीज ५४ लाखांच्या आसपास होती. भारतासाठी तिचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा होता, तर आपली अधिकृत संख्या २०२१ च्या अखेरीस सुमारे ४ लाख ८१ हजार होती.

भारत सरकारने या अंदाजास हरकत घेतली. एवढ्या विशाल आणि विविध देशाला गणिताचा एकच साचा लावणे अयोग्य आहे आणि आमच्याजवळ जन्ममृत्यू नोंदणीची अधिकृत माहिती असताना अनुमानाची गरज नाही, असा त्या हरकतीचा मथितार्थ होता. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, हा न्यायाचा नियम आहे. अनुमान हे अनुमानच असते आणि त्याला दोन्ही बाजूंनी मर्यादा असतात, हे आम्हांसही मान्य आहे. तेव्हा सरकारचा स्वतःचा पुरावाच पाहू. नागरी नोंदणीचा २०२१ चा अहवाल मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख ४० हजार, २०२० मध्ये सुमारे ८१ लाख २० हजार आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ! त्याच २०२१ सालात कोविडने झालेले अधिकृत मृत्यू साडेतीन लाखांच्या आत होते. नोंदणीची पद्धत दरवर्षी सुधारत असल्यामुळे आकडा काही प्रमाणात वाढतो, हे खरे. परंतु त्याआधीच्या दोन वर्षांत ही वाढ पाच ते सात लाखांची होती, ती एकाएकी २१ लाखांवर जावी, याचे स्पष्टीकरण कारकुनांच्या तत्परतेत सापडणार नाही. नेमका आकडा कोणता यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. अधिकृत संख्या फार अपुरी आहे, एवढे मात्र सरकारी कागदावरूनच सिद्ध होते.

आता तिसरा प्रश्न, वयाचा. हा रोग वृद्धांना अधिक मारतो. जपानमध्ये दर शंभरांत सुमारे २९ माणसे पासष्ट वर्षांवरील आहेत. भारतात अशी माणसे सुमारे ७ आहेत. इतर सर्व गोष्टी समान असत्या तर जपानमध्ये मृत्यूंचे प्रमाण आपल्या कितीतरी पट असावयास हवे होते. म्हाताऱ्या देशाने आपली म्हातारी माणसे वाचविली; तरुण देशाला आपल्या तारुण्याचा लाभ पुरता पदरात पाडून घेता आला नाही, असा या तुलनेचा अर्थ होतो.

वाचकहो, आकड्यांची उलटतपासणी झाली. आता कोणत्या उपायांनी माणसे वाचली, हा खरा मुद्दा घेऊ. टाळेबंदी जितकी कडक तितके मृत्यू कमी, असा सरळ नियम अनेकांनी मनाशी बांधला होता. पेरूने तो खोटा ठरविला. मार्च २०२० च्या मध्यास, लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देशांच्या आधी, पेरूने कडक टाळेबंदी लागू केली. परंतु तेथील बहुसंख्य कामकरी असंघटित क्षेत्रातले. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चूल नाही. कित्येक घरांत अन्न टिकविण्याचे शीतकपाट नाही, म्हणून वारंवार बाजारात जाणे भाग. मदतीची रोख रक्कम मिळविण्यासाठी बँकांसमोर रांगा लागल्या. रुग्णालयांत अतिदक्षतेच्या खाटा थोड्या आणि प्राणवायूचा तुटवडा. हुकूम कडक होता. परंतु तो पाळण्याची ऐपत जनतेजवळ नव्हती आणि ती निर्माण करण्याची तरतूद राज्याने केलेली नव्हती.

न्यूझीलंडनेही टाळेबंदी कडकच केली. १९ मार्च २०२० रोजी त्याने परदेशी प्रवाशांना सीमा बंद केली आणि २५ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी आणली. त्याबरोबरच मालकांमार्फत नोकरांच्या पगारासाठी सरकारी अनुदान दिले. २०२१ च्या अखेरपर्यंत तेथील मृत्यू पन्नासच्या आसपास होते, आणि साथीची सर्व वर्षे हिशेबात धरली तरी अतिरिक्त मृत्यू जवळजवळ नाहीतच. समुद्राने वेढलेल्या, विरळ वस्तीच्या देशाला हे सोपे गेले, हे मान्य केले पाहिजे. परंतु समुद्राने वेढलेले देश इतरही आहेत, आणि त्या सर्वांना हे साधले नाही.

स्वीडनचे उदाहरण दोन्ही पक्षांचे वकील आपापल्या सोयीने वापरतात. त्या देशाने कडक टाळेबंदी केली नाही. २०२० च्या अखेरीस तेथील मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या नॉर्वेच्या जवळजवळ दहापट होते. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट सांगितले की, वृद्धाश्रमांतील माणसांचे रक्षण करण्यात देश अपयशी ठरला. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की, तीन वर्षांचे अतिरिक्त मृत्यू एकत्र पाहिले तर स्वीडन युरोपातील कमी मृत्यू झालेल्या देशांत मोडतो. हे कसे घडले? तेथील नागरिकांचा शासकीय यंत्रणेवर विश्वास, लसीकरणाचा व्याप आणि आजारी पडल्यास घरी राहूनही वेतन मिळण्याची कायदेशीर सोय यांचा त्यात वाटा आहे. आजारपणाच्या पहिल्या दिवसाचे वेतन कापण्याचा जो नियम तेथे होता, त्याची झळ सरकारने मार्च २०२० पासून स्वतः सोसली. खोकणाऱ्या कामगाराला घरी थांबविण्यास पोलिसाची काठी लागली नाही. त्याचा पगार चालू राहिला, एवढे पुरले. उलट अमेरिका आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाचा सर्वांत मोठा हिस्सा खर्च करणारा देश. परंतु तेथे ११ लाखांहून अधिक माणसे मेली. खर्च किती केला याहून तो कोणापर्यंत पोहोचला, हे अधिक महत्त्वाचे ठरले.

शासनाच्या एका निर्णयाने किती फरक पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांचा पश्चिम भाग न्यूझीलंडच्या लष्करी अमलाखाली होता, तर पूर्व भाग अमेरिकेच्या ताब्यात होता. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेले ‘तालुने’ हे जहाज आजारी उतारूंसह पश्चिम सामोआतील आपिया बंदरात लागले आणि उतारूंना विनाअटकाव उतरू देण्यात आले. थोड्याच आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या एकपंचमांशाहून अधिक लोक मेले. पूर्वेकडील बेटावर गव्हर्नर पॉयर यांनी जहाजांवर सक्तीचे विलगीकरण लादले. तेथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. लोक तेच, भाषा तीच, हवा तीच, मधले अंतर शंभर किलोमीटरहून कमी. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ साली आपियास जाऊन सामोआच्या जनतेची क्षमा मागितली.

येथवर आपण देशाची तुलना देशाशी केली. परंतु ‘देशाची सरासरी’ हीसुद्धा एक पडदानशीन साक्षीदार आहे, आणि तिचा पडदा दूर केल्याखेरीज तपासणी पुरी होत नाही. १९१८ च्या साथीत अमेरिकेत सुमारे पावणेसात लाख माणसे मेली. हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तरी हिंदुस्थानचे नुकसान अमेरिकेच्या सहापट किंवा अधिक होते. आता याच सरासरीच्या आत, मुंबई शहरात, शिरून पाहा. तेथील आरोग्याधिकाऱ्याच्या नोंदींनुसार १९१८ मध्ये या रोगाने दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२ आणि इतर हिंदू १८.९ या प्रमाणात मेले. सरकारी भाषेत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते, त्यांचे प्रमाण दर हजारी ६१.६ होते! एकाच शहरात, एकाच रोगाने, एकाच वर्षी काही माणसे इतरांच्या तिप्पट आणि गोऱ्या माणसांच्या सातपट मेली. रोगजंतूला जात कळत नाही. परंतु माणसांना कोणत्या खोल्यांत किती दाटीने राहावे लागते, त्यांच्या पोटात किती अन्न जाते आणि आजारात त्यांच्या उशाशी वैद्य येतो की नाही, हे जातीने ठरविले होते, आणि रोगजंतू त्याच वाटेने गेला. न्यूझीलंडमध्येही त्याच साथीत माओरी लोक गोऱ्यांच्या सातपटीहून अधिक प्रमाणात मेले.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. २०२०-२१ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी, वयाचा फरक हिशेबात धरल्यावर, गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात मेले. हे आपणांस कळते, कारण त्या देशाने मृत्यूंची नोंद वंशवार ठेवली आणि प्रसिद्धही केली. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले, तेव्हा झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांना, तर झोपडपट्टीबाहेरील सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. परंतु या देशात कोविडचे मृत्यू जातवार किती झाले, हे शासनाने प्रसिद्ध केलेले नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास शास्त्रीय नियतकालिकात आला. त्यानुसार २०२० मध्ये उच्चवर्णीय हिंदूंचे सरासरी आयुर्मान १.३ वर्षांनी, अनुसूचित जातींचे २.७ वर्षांनी, अनुसूचित जमातींचे ४.१ वर्षांनी आणि मुसलमानांचे ५.४ वर्षांनी घटले. आरोग्य मंत्रालयाने हा अभ्यास सदोष म्हणून नाकारला. नाकारण्याचा अधिकार त्यास आहे. परंतु आमचा प्रतिप्रश्न सरळ आहे. हा अभ्यास चुकीचा असेल तर बरोबर आकडे कोणते? पुरावा ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो दाखल केला नाही, तर तो त्याच्या विरुद्ध जाणारा होता असे अनुमान काढण्यास न्यायालय मोकळे असते.

मोजदादीचा हा प्रश्न अभ्यासकांच्या कुतूहलापुरता नाही. तो हक्काचा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ नुसार आपद्ग्रस्तांना किमान साहाय्य देण्याचे बंधन आहे की ती केवळ मर्जीची बाब आहे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, हे बंधनच आहे. त्यानंतर प्रत्येक मृत्यूमागे पन्नास हजार रुपये ठरले आणि चाचणीपासून तीस दिवसांत झालेला मृत्यू त्यासाठी ग्राह्य धरला गेला. मग काय घडले? जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार गुजरातची अधिकृत मृत्युसंख्या सुमारे दहा हजार होती. अर्ज आले एकोणनव्वद हजारांवर, आणि त्यांपैकी अडुसष्ट हजारांहून अधिक सरकारनेच मंजूर केले! व्याख्या थोडी व्यापक केली होती, हे खरे. परंतु आरोग्य खात्याच्या वहीत नसलेली माणसे महसूल खात्याच्या वहीत सापडली, आणि तीही वारसांनी दार ठोठावल्यामुळे. ज्यांना कागद गोळा करता आले नाहीत, ज्यांचा माणूस चाचणीवाचून गेला, त्यांची नावे दोन्ही वह्यांत नाहीत.

या तुलनेतून आमच्या मते तीन मागण्या निघतात. पहिली, मृत्यूंची आकडेवारी वेळेवर प्रसिद्ध झाली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने साथीच्या काळात अतिरिक्त मृत्यूंचा अहवाल आठवड्याच्या आठवड्याला दिला. आपल्याकडे २०२१ चे आकडे २०२५ साली मिळतात. दुसरी, ती आकडेवारी जिल्हा, वस्ती, व्यवसाय आणि सामाजिक वर्ग यांनुसार मांडली पाहिजे. येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले आहे. जिवंत माणसांची जातवार गणना होणार असेल, तर मृत्यूचे प्रमाण जातवार काढण्यास अडचण कोणती? तिसरी, साथीचा कायदा बदलला पाहिजे. मुंबईच्या प्लेगसाठी १८९७ साली केलेला चार कलमांचा कायदा २०२० मध्ये थोडी डागडुजी करून वापरण्यात आला. त्यात सरकारला अधिकार आहेत, नागरिकाला हक्क नाहीत. बंदी घालताना मजुरी, धान्य, निवारा आणि उपचार देण्याचे कर्तव्य त्याच कायद्यात लिहिले पाहिजे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य असल्याचे संविधानाचे ४७ वे कलम सांगतेच; आणि जगण्याचा हक्क देणाऱ्या २१ व्या कलमाशी ते जोडून वाचावे लागते.

शासनाकडे मागणी करीत असता आपणही एक काम हाती घ्यावयास हवे. घरात किंवा वस्तीत मृत्यू झाला तर १९६९ च्या कायद्यानुसार एकवीस दिवसांच्या आत त्याची नोंद करून दाखला घ्यावा. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती जवळच्या नातेवाइकास मिळावयास हवी. कोणी निरक्षर असेल, कोणी शोकाने खचलेला असेल, तर वस्तीतील शिकलेल्या तरुणाने त्याच्याबरोबर नोंदणी कार्यालयात जावे. १९१८ मधील मुंबईचा अन्याय आज आपण दर हजारी आकड्यानिशी मांडू शकतो, तो त्या वेळी कोणी एकाने रकाना आखून भरून ठेवला म्हणून. शंभर वर्षांनंतरच्या माणसाला २०२१ बद्दल तसा रकाना सापडावा, एवढी व्यवस्था करणे अजूनही आपल्या हाती आहे.